चार ओळींचा फंड

क्नेडलिकीचा, म्हणजे पिठाचा वाफवलेला लांबट गोळा व्लास्ता झेलेन्का कधीच सुरीने कापत नसे. सुरीखाली तो चेपतो, आतली वाफ निघून जाते आणि काप चिकट होतो. ती शिवणाचा पांढरा दोरा गोळ्याखालून सरकवायची, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओढायची, की काप अलगद सुटून यायचा. प्रत्येक काप बोटाच्या एका पेराएवढा. चव्वेचाळीस वर्षांत रेनाटाने त्यात फरक पाहिला नव्हता. आज थाळीत पहिले सहा काप सारखे होते, सातवा जाड, आठवा इतका पातळ की खालच्या थाळीवरचं निळं फूल दिसत होतं, आणि नववा पुन्हा जाड.

आईचे हात थरथरत नव्हते. दोरा ओढण्याआधी ती दर वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, एवढंच.

"आई, मी कापू का?"

"तू बदकाकडे बघ. कातडी करपतेय."

सव्वाबारा. बाजार बंद व्हायला पावणेतीन तास. आज एकतीस मार्च, म्हणजे आईच्या फंडाचं वर्ष आज दुपारी तीनला संपणार होतं. रेनाटा असा तिसरा एकतीस मार्च बघत होती. हलादीकची बेकरी, जिथे ती एकोणीस वर्षं पाव भाजत होती, ती विकत घ्यायची म्हणून तिने आईकडे पहिल्यांदा पैसे मागितले तेव्हा आई म्हणाली होती, "वर्ष संपू दे. पैसे पूर्ण परत आले तर सांगते." ते आले. वर नफाही आला. तेव्हा आई म्हणाली, "इतकं छान चाललंय, आणखी एक वर्ष राहू दे." पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. यंदा मात्र बाजार पडला होता, आणि म्हाताऱ्या हलादीकनेही सकाळी सांगून टाकलं होतं, "पोरी, संध्याकाळी सहापर्यंत. मग मी मोबाइलच्या दुकानवाल्याला हो म्हणणार. माझे गुडघे आता थांबायला तयार नाहीत."

पुढचं दार धाडकन उघडलं. एडी काकाला दार हळू उघडता येत नसे. आज तो रिंगणातलं जुनं जाकीट घालून आला होता. पोपटी, त्यावर जांभळे पट्टे, पाठीवर अजून त्याच्या नावाची तीन अक्षरं. शिकागोत जिथे ऑप्शनचे, म्हणजे ठरल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्कांचे, सौदे ओरडून होत, त्या रिंगणात तो आणि त्याचा भाऊ, म्हणजे रेनाटाचे वडील योसेफ, पंधरा वर्षं शेजारी शेजारी उभे राहून ओरडले होते. जाकिटाचं एकही बटण आता लागत नव्हतं.

"काय भाव?" काका दारातूनच ओरडला.

"बाजार उणे चौदा पूर्णांक तीन टक्के," जेवणाच्या टेबलावरून टेसाने उत्तर दिलं. ती रेनाटाच्या भावाची, डेनिसची मुलगी, एकोणीस वर्षांची, भौतिकशास्त्र शिकणारी. कोबीच्या भांड्याला टेकवून तिने लॅपटॉप उभा केला होता.

"गेल्या एक एप्रिलपासून?"

"हो. उशी पंधराची, तेवढी पडझड फंड झेलतो. म्हणजे अजून शून्य पूर्णांक सात शिल्लक."

"शून्य पूर्णांक सात!" काकाने खुर्ची ओढली. "यापेक्षा जास्त केस माझ्या डोक्यावर आहेत. व्लास्ता, हा फंड तुला घेऊ कोणी दिला?"

"मी," डेनिस म्हणाला. तो कोपऱ्यात बसून पावाचे तुकडे करत होता, खात नव्हता. "आणि उशी टिकली आहे, काका. बाजारात शंभराचे शहाऐंशी झालेत, आईचे जवळजवळ शंभरच आहेत. जरा आभार मान."

"मी का मानू? माझे पैसे आहेत का तिथे?"

काकाने उत्तराची वाट न बघता तळहात स्वतःकडे वळवला आणि तीन बोटं हनुवटीजवळ धरली. व्लास्ताने क्नेडलिकीचे तीन काप त्याच्या ताटात टाकले. झेलेन्कांच्या टेबलावर तोंडाने कोणी काही मागत नसे. तळहात आत, म्हणजे घेतो. तळहात बाहेर, म्हणजे देतो. बोटं हनुवटीपाशी, म्हणजे किती. ही रिंगणातली सवय. योसेफ गेला त्याला आठ वर्षं झाली, पण ती घरात राहिली. टेसा तर बोलायच्या आधी हे शिकली होती.

"व्लास्ता, मी सरळ सांगतो," काका तोंडात घास असतानाच म्हणाला. "बेकरी घे. रेनाटाला दे. मला मरेपर्यंत फुकट कोलाचे द्या, खसखस भरलेले, गोड. झाला सौदा."

"आधी तीन वाजू देत," व्लास्ता म्हणाली.

"आणि पंधराच्या खाली गेलं तर?" रेनाटाने विचारलं. तिला आपला आवाज सपाट ठेवायचा होता. तो ठेवता आला नाही.

"तर पूर्ण परत आले नाहीत. मग आणखी एक वर्ष. मी हे पहिल्या दिवसापासून सांगितलंय."

"हलादीक आणखी एक वर्ष थांबणार नाही, आई! आज सहापर्यंत!"

"मला ऐकू येतं, रेनाटा."

*

डेनिसला टेसाने फंडाची यादी उघडलेली नको होती.

तो विमा विकायचा. लोकांना झोप लागावी म्हणून कागद विकतो, असं तो स्वतःच गमतीत म्हणायचा. वडील गेल्यावर आईचे पैसे बँकेत नुसते पडून होते. शेअर म्हटलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. म्हणून त्याने हा फंड शोधला. वर छत, खाली उशी. बाजार कितीही चढला तरी छतापर्यंतच मिळणार; पडला तर पहिले पंधरा टक्के उशी झेलणार. आईला त्याने तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं होतं: यात अमेरिकेतल्या पाचशे कंपन्या आहेत, आणि खाली एक उशी आहे. तेवढंच त्यालाही माहीत होतं. बाकीची पानं त्याने वाचली नव्हती. ज्या घरात ऑप्शनचे भाव पाळण्यात ऐकवले गेले, त्या घरात फंडाची माहिती वाचायची म्हणजे जरा कमीपणाचंच वाटायचं.

"बाबा," टेसा म्हणाली, "पाचशे कंपन्या कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"फंडाकडे काय काय आहे त्याची यादी उघडलीये. रोजच्या रोज टाकतात. यात कंपन्या नाहीयेत. चार ओळी आहेत."

"खाली सरकव."

"खाली पानाचा शेवट आहे."

काका उठून तिच्या मागे गेला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोन क्षण काहीच बोलला नाही. एडी काका दोन क्षण गप्प बसला म्हणून रेनाटाही बदक सोडून आली.

"हे तर ऑप्शन आहेत," काका म्हणाला. मग त्याने टेबलावर थाप मारली आणि कोबीचं भांडं उडालं. "ऑप्शन आहेत! डेनिस! गाढवा! सहा वर्षं तुझी आई ऑप्शन धरून बसलीय आणि आपण तिला शेअर नावाचा शब्द ऐकवत नव्हतो!"

"निर्देशांकावरचे आहेत," डेनिस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "निर्देशांकात पाचशे कंपन्या आहेत. मग झालंच ना विखुरलेलं?"

"झालं आणि नाही झालं," टेसा म्हणाली. तिला मजा येत होती आणि ती लपवत नव्हती. "एखादी कंपनी बुडाली तर तुला कळणारही नाही, इतकं ते विखुरलेलं आहे. पण चारही ओळी एकाच निर्देशांकावर आहेत, एकाच तारखेच्या आहेत, आणि चारही सौद्यांमागे हमीला उभी असलेली संस्थाही एकच आहे. कंपनी एकही नाही. पाचशे कंपन्यांचा फक्त भाव आहे."

"म्हणजे पाचशे क्नेडलिकी," काका म्हणाला, "पण सॉस एकाच पातेल्यातला. सॉस खारट झाला की पाचशेही खारट."

"काका, तुला सगळं खाण्यातच कळतं का?"

"सत्तर वर्षं तेवढंच तर नीट करतोय."

"मी एप्रिलशिवाय आणखी जुलैचा, ऑक्टोबरचाही घेऊ म्हणालो होतो," डेनिस घाईने म्हणाला. "तसे बारा महिन्यांचे बारा फंड असतात. आईच नको म्हणाली."

"ते बाराही याच निर्देशांकावरचे," टेसा म्हणाली. "तारखा विखुरल्या असत्या बाबा, सुरुवातीचे भाव वेगळे झाले असते. पातेलं तेच."

डेनिस पावाकडे बघत राहिला. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी त्याने काय केलं होतं ते या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. टेसाला तर नाहीच. तिच्या शेवटच्या दोन वर्षांच्या फीचे पैसे होते ते.

"वाच," टेबलाच्या टोकाकडून आई म्हणाली. तिने दोरा बोटाला गुंडाळून घेतला होता. "चारही ओळी वाच, टेसा. हळू."

*

"पहिली," टेसाने वाचलं. "कॉल. निर्देशांक जवळजवळ शून्य भावाला घ्यायचा हक्क. विकत घेतलेला. फंडातला वाटा शहाऐंशी टक्के."

व्लास्ताने मान हलवली. शून्याला घ्यायचा हक्क म्हणजे अख्खा निर्देशांकच हातात असणं. तिने डावा तळहात स्वतःकडे वळवला.

"दुसरी. पुट. गेल्या एक एप्रिलच्या भावाला विकायचा हक्क. विकत घेतलेला. साडेचौदा टक्के."

बाजार पडला तरी जुन्या भावाने देता येईल. हीच उशी. तिने उजवा तळहातही आत वळवला.

"तिसरी. पुट. पंधरा टक्के खालच्या भावाचा. उणे अर्धा टक्का." टेसा थांबली. "उणे म्हणजे..."

"विकलेला," काका म्हणाला, आणि लगेच त्याला आपण बोललो याचा पश्चात्ताप झालेला दिसला.

भट्टीतल्या बदकाचा चरचर आवाज तेवढा येत होता.

विकलेला पुट. व्लास्ताला ते दोन शब्द कानांनी ऐकू येण्याआधी डोळ्यांना दिसले: साठ फुटांवर, पोपटी जाकीट, तळहात बाहेर. ती तेव्हा रिंगणाच्या कडेला टेलिफोनच्या टेबलापाशी कारकून होती. व्यापाऱ्यांचे हात वाचून चिठ्ठ्या लिहायची. योसेफचे हात तिने नाव कळायच्या आधी वाचले होते. तो पुट विकायचा, म्हणजे बाजार पडला तर दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायची हमी पैसे घेऊन द्यायचा. दर महिन्याला विकायचा आणि दर महिन्याला थोडे पैसे यायचे, कारण बाजार काही पडत नव्हता. पाच वर्षं. मग सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर आला, एक सोमवार. त्या दिवशी तिने त्याचे हात वाचायचे सोडून दिले, कारण त्याने ते डोक्यावर धरले होते. रिव्हरसाइडचं घर नाताळाआधी गेलं. त्याच आठवड्यात हलादीक दारात येऊन म्हणाला होता, "योसेफ, गाडी चालवता येते ना? पावाच्या फेऱ्या मार." योसेफने एकवीस वर्षं मारल्या.

आणि ती सहा वर्षं तेच धरून बसली होती. विकलेला पुट. तिच्या नावावर.

"आई," डेनिस म्हणाला, "मला माहीत नव्हतं. शपथ."

"गप्प," व्लास्ता म्हणाली. रागाने नाही. ती विचार करत होती, आणि तिला असा विचार करून कित्येक वर्षं झाली होती. रिंगणातल्या कोलाहलात डोकं जसं थंड आणि लखलखीत व्हायचं, तसं ते आता होत होतं. "चौथी सांग."

"कॉल. छताच्या भावाचा. हाही उणे. पण वाटा शून्य."

"शून्यच असणार. बाजार खाली आहे, छतावरचा हक्क कोण वापरणार? तो मेला." तिने दोन्ही हात टेबलावर पुढे आणले. "इकडे बघा सगळे. एडी, तुझे हात दे."

"माझे?"

"मला दोनच आहेत. ओळी चार आहेत."

काकाने हात पुढे केले. व्लास्ताने आपले दोन्ही तळहात आत ठेवले आणि त्याचे दोन्ही मनगटांना धरून बाहेर वळवले.

"दोन घेतले, दोन विकले. हा माझा डावा, अख्खा बाजार. हा माझा उजवा, सुरुवातीच्या भावाला विकायचा हक्क. हा महाग असतो. याचे पैसे कुठून आणायचे? म्हणून एडीचे हे दोन विकले. एक वरचा: छताच्या पुढची मिळकत दुसऱ्याला दिली. एक खालचा: पंधराच्या खालचं दुखणं परत स्वतःकडे घेतलं. विकून जे आलं त्यातून माझा उजवा हात घेतला. बस. एवढाच फंड आहे."

"बाबी," टेसा आजीला हळूच म्हणाली, "तू हे कधी शिकलीस?"

"तुझा बाप जन्मायच्या आधी. कोणी विचारलं नाही."

"पण विकलेला पुट म्हणजे बाबांचं..." रेनाटा बोलता बोलता थांबली.

"तुझ्या वडिलांनी नुसता विकला होता. हा हात नव्हता." तिने उजवा तळहात हलवला. "त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. याच्या वर दुसरा आहे, आपला, घेतलेला. पंधराच्या खाली गेलं तर जितकं खाली तितकंच जातं. एक टक्का तर एक टक्का."

"थांब, थांब," काका म्हणाला. हात तसेच ताटकळत ठेवून. "पंधरा पार झालं की सगळेच पंधरा जात नाहीत? मला वाटलं खाली कडा आहे."

"कडा नाही. उतार आहे. एडी, तू पंधरा वर्षं रिंगणात होतास!"

"मी ओरडायचो! हिशेब तुम्ही कारकून करायचात!"

पहिली हसली ती टेसा. मग रेनाटा, आणि मग व्लास्ता स्वतः, काकाची मनगटं अजून हातात धरून. डेनिस हसला नाही.

*

दोन वाजून अडतीस मिनिटांनी आकडा उणे चौदा पूर्णांक नऊ होता, आणि बदक तसंच अर्धवट पडलं होतं.

"उणे चौदा पूर्णांक नऊ पाच," टेसा म्हणाली. आता ती उभी होती. सगळेच उभे होते. लॅपटॉप मध्ये, चारही बाजूंनी डोकी, आणि काकाचं जाकीट प्रत्येकाला कुठेतरी टोचत होतं.

"चढ रे," रेनाटा पुटपुटली. तिने ओट्यावरचं फडकं दोन्ही हातांनी पिळलं होतं. "जरासं. एवढंसं."

"उणे पंधरा पूर्णांक एक."

"नाही!"

"थांब. चौदा नऊ आठ. चढतंय!"

"विकणारे दमले!" काका ओरडला. "मला आवाज येतोय! शेवटी शेवटी असंच होतं, विकणारे दमतात आणि मग..."

"पंधरा पूर्णांक दोन."

"आणि मग परत विकतात," काका म्हणाला.

"आणखी एक सांगू का?" टेसाने आजीकडे पाहिलं. "रागावू नकोस. बरोबर पंधरावर थांबलं तरी पूर्ण येत नाहीत. फंड वर्षाला स्वतःची फी कापतो. शंभरातले सुमारे ऐंशी सेंट. बाजार पडलेल्या वर्षी पूर्ण शंभर कधीच परत येऊ शकत नाहीत, उशी सबंध टिकली तरी."

व्लास्ताने तिच्याकडे बघितलं. "कधीच नाही?"

"हिशेबातच बसत नाही ते."

"म्हणजे मी जी अट घातली होती..."

"ती तो फंड पाळूच शकत नव्हता, बाबी."

रेनाटाने फडकं खाली ठेवलं. तिला रडायचं होतं की हसायचं होतं ते कळेना. तीन वर्षं ती एका आकड्याकडे बघत होती, आणि तो आकडा तिथे नव्हताच.

"मलाही एक सांगायचंय," डेनिस म्हणाला. तो एकटा बसला होता, पावाच्या तुकड्यांसमोर. "ऑगस्टमध्ये मी टेसाच्या फीचे पैसे याच फंडात टाकले. याच एप्रिलच्या."

"ऑगस्टमध्ये?" काकाचं तोंड उघडंच राहिलं. "बाजार तेव्हा शिखरावर होता!"

"मला वाटलं मी घेईन तिथून खाली पंधरा टक्के उशी." त्याने डोळे चोळले. "उशी एप्रिलच्या भावाला शिवलेली होती. मी तिच्या वर सात टक्के उंच उभा राहून घेतला. आज संध्याकाळी माझे साडेसात टक्के गेलेले असतील. मी विमा विकतो, काका. लोकांना मी सांगतो की बारीक अक्षर वाचा."

टेसा टेबलाला वळसा घालून आली आणि वडिलांच्या ताटात कोबी वाढला.

"मी उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम करणारच होते," ती म्हणाली. "खा. आणि पुढच्या वेळी मला विचार, मी फुकट वाचते."

डेनिसने काटा उचलला, खाली ठेवला. "आई, मी तुला थांब म्हणत आलो. तीनही वर्षं. मीच. रेनाटा, तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं," रेनाटा म्हणाली. "म्हणून तर तुझ्या वाढदिवसाला शिळा केक दिला."

"आता मी थांब म्हणत नाही. मला कळत नाही तिथे मी आईला बसवून ठेवलं. बेकरी मला कळत नाही, पण रेनाटाला कळते."

"एक मिनिट!" काका लॅपटॉपवर वाकला होता. "थांबा, सगळे थांबा! उद्यापासूनच्या नव्या वर्षाचं छत टाकलंय. अंदाज आहे. सतरा! व्लास्ता, सतरा! बाजार घाबरलाय म्हणून विकलेल्या हातांना भाव आलाय! खाली पंधराची उशी आणि वर सतरा! असं वर्ष पुन्हा येत नाही!" त्याने दोन्ही तळहात छातीकडे ओढले. "रहा! माझं ऐक, एक वर्ष रहा!"

"काका!" रेनाटा किंचाळली. "मघाशी तू माझ्या बाजूने होतास!"

"मघाशी छत बारा होतं!"

"आणि कोलाचे?"

"कोलाचे मी विकत घेईन! सतरा टक्क्यांत!"

"दोन अठ्ठावन्न," टेसाचा आवाज वर चढला. "उणे पंधरा पूर्णांक एक. पूर्णांक शून्य पाच. बाबी, शून्य! बरोबर पंधरा! शून्य... एक. पुन्हा एक. दोन एकोणसाठ."

रेनाटाला आकडा दिसत नव्हता. ती आईकडे बघत होती. आई आकड्याकडे बघत नव्हती. आईने बोटावरचा दोरा उलगडला होता आणि उरलेल्या गोळ्याखालून सरकवला होता. टोकं वर आली. एकमेकांवरून गेली. काप पडला.

"बंद," टेसा म्हणाली. "उणे पंधरा पूर्णांक दोन."

"गेलं," काका म्हणाला, आणि जाकिटासकट खुर्चीत कोसळला. "उशी फाटली."

"दोन दशांश," व्लास्ता म्हणाली. "अधिक फी. शंभरातला एक. हो ना, टेसा?"

"एक. जवळजवळ नेमका."

"एक टक्का गेला." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. मग तिने टेबलाकडे, बदकाकडे, त्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की रेनाटाला तो ओळखू येईना. "मला वाटायचं, एक जरी गेला तरी छातीत कळ येईल. सदतीस वर्षांपूर्वीसारखी. काही नाही. मला भूक लागलीय."

"आई..."

"बस, रेनाटा. नाही, बसू नको. उभी रहा."

ती स्वतः उभी राहिली. पाठ ताठ, पाय जरा फाकलेले, जशी ती कधीकाळी टेलिफोनच्या टेबलामागे उभी राहायची. काकाने तिच्याकडे बघितलं आणि नकळत तोही उठला. तिने उजवा हात खांद्याच्या वर नेला, तळहात बाहेर, पाचही बोटं सुटी.

"आई, तू विकतेस?" डेनिसने विचारलं.

"सगळं. उद्या बाजार उघडला की."

मग तिने तोच हात वळवला. सावकाश. तळहात आत आला, छातीपर्यंत.

"आणि रेनाटा, हलादीकला फोन लाव," व्लास्ता म्हणाली. "त्याला सांग, मोबाइलवाल्याला नाही म्हण. बेकरी झेलेन्कांनी घेतली."